खुर्चीत बसून खोटं बोलायचं नाही

रविवारी दुपारी हेडबाई आल्या त्या दोन बॅगा, एक फाईल आणि पाच वाजताची अँब्युलन्स घेऊन. अँब्युलन्स यायला अजून तास होता, पण बाईंचा आवेश असा की जणू गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवतेय.

"आबा, सगळं ठरलंय," चप्पल काढायच्या आधीच त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात खोली मिळाली आहे. खिडकीची."

"खिडकीची?" आबा म्हणाले. "मी काय बसने चाललोय?"

शाळेत हेडबाईंसमोर शिक्षकसुद्धा श्वास जपून घेत. सगळी शाळा त्यांना हेडबाई म्हणे, म्हणून मग घरही म्हणू लागलं. एकटे आबा तेवढे त्यांना 'पोरी' म्हणत, आणि बाई पंचावन्नच्या झाल्या तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.

आबा दुकानात होते, आपल्या खुर्चीत. गेले तीन आठवडे ते तिथेच होते. फुफ्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला आणि डॉक्टरांनी "आता औषध फक्त दुखण्यावर" असं सांगितलं, तेव्हापासून त्यांना आडवं होता येईना. आडवं झालं की श्वास कोंडायचा. उशांचे सगळे डोंगर रचून झाले, शेवटी तेच म्हणाले, "मला पुढे माझ्या खुर्चीत न्या." ही खुर्ची म्हणजे केस कापायची, लोखंडी, खाली पायाने दाबायची कळ आणि मागे मान टेकायला कातडी गादी. बाजूचा दांडा ओढला की पाठ हवी तेवढी मागे जाते. पन्नास वर्षं आबांनी त्या गादीवर दुसऱ्यांच्या माना टेकवल्या. आता स्वतःची टेकवली.

दुकान मात्र चालूच होतं. शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर नात ठकी गिऱ्हाइकं करायची आणि आबा डोळे मिटून नुसत्या कात्रीच्या आवाजावरून चुका काढायचे. "डावा कान वर राहिला," असं ते म्हणाले की गिऱ्हाईक दचकून कान चाचपायचं.

आज मात्र ठकीने चार वाजताच शटर अर्धं खाली ओढलं. घरातली भांडणं गिऱ्हाइकांना फुकट कशाला दाखवायची?

"मी सांगतो ताई, काही गरज नाही," ड्रायव्हर म्हणाला. हा आबांचा मुलगा, हेडबाईंचा धाकटा भाऊ, ठकीचा बाप. शहराची बस चालवायचा. बापाचा धंदा त्याने घेतला नाही, कारण कापलेले केस मानेत गेले की त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. "आरशात बघ. आबा सुधारतायत."

आरशाच्या कोपऱ्यात त्याने दाढीच्या साबणाने आकडे लिहून ठेवले होते. सहा. चार. दोन. घरी येणारी नर्स आठवड्यातून एकदा विचारायची, "आबा, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती दुखतंय?" आबा आकडा सांगायचे, ड्रायव्हर आरशावर चढवायचा. सहाचे चार झाले त्या दिवशी तो सगळ्यांना आईस्क्रीम घेऊन आला होता. आज सकाळी दोन झाले, तेव्हा तो बाहेर जाऊन नाक शिंकरून आला आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाला.

"दोन!" हेडबाई म्हणाल्या. "दोनवाल्या माणसाचे ओठ असे पांढरे असतात? मांडीवरचं पांघरूण बघ, पिरगाळून दोरी केली आहे त्याची. नर्स काय म्हणाली?"

"म्हणाली, तोंड काही दोनचं दिसत नाही. पण पेशंट सांगेल तोच आकडा धरते, म्हणाली."

"सही केलेली प्रगतिपुस्तकं मीही खूप बघितली आहेत. सही मुलाने स्वतःच केलेली असते."

सून आतून चहा घेऊन आली आणि तिने ट्रे ठेवला. ती औषधाच्या दुकानात काम करायची. कुठलं औषध जेवणाआधी, कुठलं नंतर, हे ती दिवसातून शंभर जणांना सांगे. दुखणं वाढलं तर जादा घ्यायचं म्हणून दिलेली आबांची बाटली तीन आठवड्यांत बोटभरही खाली उतरली नव्हती, हे तिने पाहिलं होतं. पाहिलं आणि गप्प बसली. आकडे कमी होतायत ना, मग कशाला? दुसऱ्या कुणी दुकानात येऊन असं सांगितलं असतं तर तिने त्याला सोडलं नसतं. घरात अक्कल गहाण पडते, ती अशी.

"पाच वाजता जायचं ना?" आबांनी विचारलं. इतक्या सहज, की हेडबाईंनाच शंका आली. "जाऊ. पण त्याआधी ह्या ड्रायव्हरचे केस कापा. बाप हॉस्पिटलात आणि पोरगा असा झिपऱ्या घेऊन बाहेर बसणार? लोक म्हणतील, ह्यांचं दुकान होतं म्हणे!"

"आबा, आत्ता?"

"आत्ता. मग कधी, तेराव्याला? बस दुसऱ्या खुर्चीत. ठकी, मशीन घे. दोन नंबर लाव."

"दोन?" ड्रायव्हर कळवळला. "आबा, टाळू दिसेल माझी! प्रवासी हसतील!"

"बस चालवताना तुझी पाठ असते त्यांच्याकडे. बस."

बसला बिचारा. ठकीने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कापड बांधलं की ह्या घराण्यात एक कायदा लागू होतो आणि तो आबांच्याही वडिलांपासूनचा आहे: खुर्चीत बसून खोटं बोलायचं नाही. गळ्यापाशी वस्तरा असताना माणूस खोटं बोलला तर गिळतो, गिळला की गळा हलतो, आणि पुढचं सांगायला नको. ड्रायव्हरने शाळेत दोनदा नापास झाल्याचं ह्याच खुर्चीत कबूल केलं. हेडबाईंनी स्वतःचं लग्न परस्पर ठरवल्याचं इथेच सांगितलं, तेही एका बाजूची बट कापलेली असताना, त्यामुळे त्यांना रागाने उठून जाताही आलं नाही. सून घरात आली तेव्हा आबांनी तिलाही बसवून विचारलं होतं, "माझा मुलगा आवडतो का?" ती म्हणाली, "बरा आहे." त्या उत्तरावर आबा इतके खूश झाले की त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांची दाढी त्या दिवशी फुकट केली.

ठकीने मशीन चालू केलं आणि मानेपासून वर नेलं. वडिलांच्या पिकत चाललेल्या केसांत एक स्वच्छ रस्ता पडला, खाली कातडी गुलाबी दिसायला लागली. पुढे दुसरा रस्ता. अर्धं डोकं झालं. तिने आरशात बघितलं, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या साबणाच्या आकड्यांवर गेली.

सहा. चार. दोन.

मशीन तिच्या हातात नुसतंच घुरघुरत राहिलं. नऊ वर्षांची असताना आबांनी तिला ह्याच आरशासमोर उभं करून शिकवलं होतं. सहा नंबर म्हणजे बोटांत केस येतात. चार म्हणजे उन्हाळी. दोन म्हणजे कातडी दिसते. आणि झिरो म्हणजे संपलं, काही उरत नाही. आकडा जितका खाली, तितकं पातं आत.

तिने मशीन बंद केलं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही नर्सबाईंना जे आकडे सांगता ते कुठल्या मापाचे?"

आबांनी डोळे मिटले. गिऱ्हाइकाने उधारीचा विषय काढला की मिटायचे तसे.

"आबा, तुम्ही खुर्चीत आहात."

"अगं पण काय झालं?" ड्रायव्हर अर्ध्या डोक्याने वळला.

"मशीनचे," आबा म्हणाले. "मशीनचे नंबर सांगितले. मी खोटं नाही बोललो. खुर्चीत बसून मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही."

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग सुनेला कळलं, तिने तोंडावर पदर धरला. मग हेडबाईंना कळलं. सगळ्यात शेवटी कळलं ड्रायव्हरला. तो आरशाकडे बघत बोटांवर मोजायला लागला, आणि मोजता मोजता त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे सहा होतं तेव्हा बरं होतं," तो म्हणाला. "आणि मी आईस्क्रीम आणलं... आबा, दुखणं वाढलं म्हणून मी आईस्क्रीम वाटलं!"

"चांगलं होतं आईस्क्रीम," आबा म्हणाले.

ड्रायव्हर रडायला लागला. मोठा बाप्या, अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर झिपऱ्या, गळ्याला कापड, आणि हुंदके. ठकीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिने दोन्ही येऊ दिलं.

"झालं!" हेडबाई उसळल्या. "हे घर! म्हणजे तीन आठवडे हा माणूस इथे बसून सोसतोय आणि तुम्ही आरशावर रांगोळ्या काढताय! आबा, लाज नाही वाटली? का केलंत हे?"

"खरा आकडा सांगितला असता तर तू त्याच दिवशी गाडी बोलावली असतीस."

"बोलावलीच असती!"

"मग?"

"मग काय मग! आज तर नक्की जायचं. आता तर मला पुरावाच मिळाला."

तेव्हा सून बोलली. ती क्वचित बोलायची, म्हणून सगळे वळले. "ताई, दुखणं हॉस्पिटलात थांबत नाही, औषधाने थांबतं. आणि ते औषध त्या फळीवर आहे, भरलेलं. मी बघितलं होतं. मी बोलले नाही, चूक माझी. मी नर्सबाईंना फोन लावते." ती फोन घेऊन आत गेली.

आबा आता सरळ बसले होते. सरळ बसायला किती कळ सोसावी लागली ते त्यांच्या जबड्यावर दिसलं, पण आवाज धंद्यावरचा निघाला. "ड्रायव्हर, ऊठ. पोरी, तू बस तिथे."

"मला केस कापायचे नाहीत."

"बस म्हटलं ना. ठकी, कापड."

चारशे पोरांना एका नजरेत गप्प करणाऱ्या हेडबाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या. आरशात बाप-लेक शेजारी शेजारी दिसायला लागले, एकच नाक दोनदा.

"आता सांग," आबा म्हणाले. "मला हॉस्पिटलात का न्यायचंय? डॉक्टर म्हणतात म्हणून, असं सांगू नकोस. डॉक्टर तर म्हणाले, घरी ठेवा."

हेडबाईंनी आरशातूनच उत्तर द्यायचं ठरवलं. सरळ बघून त्यांना जमलं नसतं.

"आई," त्या म्हणाल्या. "आई मागच्या खोलीत गेली. मी एकोणीस वर्षांची होते. हा लहान, ह्याला शेजारी पाठवलं होतं. तेव्हा कुणी नर्स नाही, औषध नाही. चार दिवस ती ओरडत होती, आबा. मी तिचा हात धरून बसले होते. आणि तुम्ही इथे दुकानात गिऱ्हाइकं करत होतात. रेडिओ मोठा करून." त्यांचा आवाज फाटला. "गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून! छत्तीस वर्षं झाली. मी अजून रेडिओ लावत नाही घरात. मला ते परत ह्या घरात नकोय. तिथे दारं असतात, लोक असतात, बटण दाबलं की कुणीतरी येतं. मला एकटीला परत नाही जमणार."

ड्रायव्हरने हे कधी ऐकलेलं नव्हतं. शेजारी त्याला रोज चॉकलेट मिळायचं, एवढंच त्याला आठवत होतं.

आबांनी फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं. तो अजून तिथेच होता, त्याच्यावर कंगव्यांचा डबा होता.

"गिऱ्हाइकांसाठी नव्हता लावला," ते म्हणाले. "मला ऐकू येऊ नये म्हणून लावला. मी भित्रा आहे, पोरी. वस्तरा हातात असला की मी कुणाला घाबरत नाही, पण आत यायला माझे पाय उचलत नव्हते. तू आत होतीस आणि मी दाढ्या करत होतो. त्या चार दिवसांत मी सहा माणसांना कापलं. विचार म्हाताऱ्या टपालवाल्याला, त्याच्या कानावर खूण आहे."

आत सून फोनवर हळू आवाजात "हो, आठ तरी असेल" म्हणत होती.

"मग मी ठरवलं," आबा म्हणाले, "माझ्या वेळेला ओरडायचं नाही. काही झालं तरी नाही. तुला परत ऐकवायचं नाही. जमत होतं, ह्या कार्टीने मशीन बंद केलं नसतं तर."

"काय जमत होतं?" हेडबाई कापडाच्या आतून हात बाहेर काढत ओरडल्या. "काय जमत होतं, आबा? तुम्ही गप्प बसून सोसत होतात आणि मी तिकडे रोज रात्री छताकडे बघत विचार करत होते की इथे काय चाललं असेल! ऐकू न येणारं जास्त वाईट असतं, कळतं का तुम्हाला? जास्त वाईट!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार!"

"बरं, ओरड," आबा म्हणाले, आणि हसले. हसताना बरगड्यांत कळ आली, ती त्यांनी दाबायला घेतली, मग लेकीकडे बघून सोडून दिली. "आ... आई गं," ते हळूच म्हणाले. सवय नव्हती, आवाज गंजलेला होता.

हेडबाई खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. कापड गळ्यातच होतं.

सून बाहेर आली. "नर्सबाई निघाल्या आहेत. डॉक्टरांशी बोलल्या, डोस वाढवायचा आहे. घरी होईल म्हणतात. पण दोन अटी. रोज खरा आकडा, त्यांच्या मापाचा. आणि चोवीस तास कुणीतरी शेजारी."

सगळ्यांनी हेडबाईंकडे पाहिलं. आबांनी पाहिलं नाही. त्यांनी आपल्या खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पन्नास वर्षांत घासून गुळगुळीत झालेलं ते लोखंड सोडून जायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो त्यांच्या हातात नव्हता.

"रजा शिल्लक आहे माझी," हेडबाई म्हणाल्या. "एकशे बारा दिवस. शाळेला थोडं सुखही मिळेल. दिवसा ठकी आहेच, रात्री मी. दोन बॅगा आणल्यात, त्यातली एक माझीच आहे." मग भावाकडे वळून, "बघतोस काय? पाच वाजलेत. जा, गाडी परत पाठव."

ड्रायव्हर तसाच बाहेर पळाला. गळ्याला कापड, अर्धं डोकं भादरलेलं, डोळे सुजून लाल. अँब्युलन्सवाला खाली उतरला, त्याने ह्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फार मायेने दार उघडून धरलं.

"या, हळूहळू या," तो म्हणाला. "घाबरू नका. ऑपरेशन अर्धवट सोडलं का?"

गाडी परत पाठवायला दहा मिनिटं लागली. त्यातली आठ, आपण पेशंट नाही हे पटवण्यात गेली.

नर्स आली. तिने विचारलं, "आबा, किती?" आबांनी आधी लेकीकडे पाहिलं. "आठ. तुमच्या मापाने." नर्सने ठकीकडून सगळी हकिकत ऐकली, कमरेवर हात ठेवले आणि आबांना असं झापलं की हेडबाईंनी मनातल्या मनात तिला आपल्या शाळेत नोकरी दिली. मग तिने औषध पाजलं आणि तासभर बसून राहिली. तासाने आबांच्या हातातलं पांघरूण सुटलं.

"चार," ते स्वतःहून म्हणाले. "ड्रायव्हर, लिही. आणि आईस्क्रीमचं बघ."

नर्स गेल्यावर हेडबाईंनी खणातून वस्तरा काढला. लहानपणी त्यांनी त्याला हात लावला तर मार मिळायचा. मुलाने शिकावं म्हणून आबा त्याच्यामागे हात धुऊन लागले, पण जिला शिकायचं होतं तिला त्यांनी कधी विचारलं नाही. ठकीच्या वेळी त्यांना शहाणपण सुचलं, पण तोवर लेकीला शाळेत शिकवायला लागून कित्येक वर्षं झाली होती.

"तीन दिवसांची दाढी वाढलीय," त्या म्हणाल्या. "मी करते."

"तू?" आबा म्हणाले. "कधी धरलेला नाहीस तू वस्तरा."

"मग तुम्ही गळा सांभाळा."

ठकीने फेस करून दिला, पातं कसं धरायचं ते दाखवलं आणि बाजूला झाली. हेडबाईंनी पहिला हात फिरवला. खर्र आवाज आला. मग दुसरा. ओठ दाताखाली धरून, पेपर तपासताना धरायच्या तसा. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा त्या थांबल्या.

"आबा, भीती वाटते?"

"तुझ्या हातात वस्तरा आहे, वाटणारच."

"खुर्चीत आहात."

आबा छताकडे बघत राहिले. "वाटते," ते म्हणाले. "खूप वाटते. तू ओरडत असलीस की कमी वाटते."

"मग मी ओरडत राहीन," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी फेसावर पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"ताई," दारातून ड्रायव्हर म्हणाला, "तुमचं झालं की माझं उरलेलं डोकं कुणीतरी बघा. उद्या सकाळी सहाची पाळी आहे माझी. अर्धे प्रवासी ह्या बाजूने चढतील, अर्धे त्या बाजूने, आणि म्हणतील ड्रायव्हर दोन आहेत."

आबा खो खो हसले. गळा हलला.

"हलू नका!" हेडबाई ओरडल्या, पण उशीर झाला होता. हनुवटीखाली एक लाल ठिपका उमटला. त्यांनी घाईघाईने तुरटीचा खडा ओला केला आणि दाबून धरला.

"आई गं!" आबा ओरडले. चांगले दणकून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे. "अगं पोरी, झोंबतंय ना! मेलो! सोड!"

बाहेरून जाणारा एक माणूस अर्ध्या शटरखालून वाकून बघून गेला. फळीवर, कंगव्यांच्या डब्याखाली, रेडिओ होता. तो कुणी लावला नाही.